तुटलेले बीड आणि जोडणारे हात



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा शाळेच्या आठवणीच मनात आल्या. पण त्या लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आहेत. मी दहावीनंतर परभणीला आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड केला आणि पुढची सगळी नोकरी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, हातात होल्डर धरून केली. त्यामुळे मला जे थोडेफार कळते त्याच्याबद्दलच लिहावे हे बरे. विषय असा आहे : आपल्या आजोबा-वडिलांच्या शेतावर जी लोखंडी यंत्रे आली, ती मोडली तेव्हा कोणी आणि कशी जोडली.

विषय रुक्ष वाटेल. पण बोरीतल्या जुन्या घरांच्या मागच्या अंगणात एकदा नजर टाका. कुठे कडबा कापायच्या यंत्राचे चाक भिंतीला टेकवलेले असते, कुठे चरकाची लाट उलटी पडून तिच्यावर कोंबड्या बसतात, कुठे विहिरीच्या काठावर इंजिनाचे धूड गंजत असते. आपण लहानपणी त्यांच्यावर चढून खेळलो. त्यांच्या अंगावरचे जोड मात्र निरखून पाहिले नाहीत.

इतिहासाच्या तासाला वाफेचे इंजिन कोणी सुधारले हे आपल्याला तोंडपाठ होते. यंत्र कोणी बनवले याचा इतिहास पुस्तकात असतो. ते कोणी विकत घेतले हे पावतीवर असते. पण ते तीस-चाळीस वर्षे चालते कोणी ठेवले, याची नोंद कागदावर सहसा नसते. ती यंत्राच्या अंगावर असते, मोडलेल्या जागेच्या जोडात. आणि ही नोंद आता भंगारवाल्याच्या तराजूत चालली आहे. म्हणून हा लेख.

बीड म्हणजे काय

बीड म्हटले की आपल्याला शेजारचा जिल्हा आठवतो. पण कारागिराच्या भाषेत बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा आपल्या आजीच्या चुलीवर होता. हल्ली शहरातल्या सुना तोच तवा ‘कास्ट आयर्न’ म्हणून चांगली किंमत मोजून घेतात.

साध्या लोखंडी सळईत कार्बन असतो तो पाव टक्क्याच्या आसपास. बिडात तो तीन ते चार टक्के असतो. एवढ्या फरकाने सगळा स्वभाव बदलतो. मऊ लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, बीड ११५० ते १२०० अंशांतच पातळ होते आणि पाण्यासारखे साच्यात पळते. म्हणून चाके, दाते, इंजिनाचे अंग असे वेडेवाकडे आकार बिडात स्वस्तात ओतता येतात. त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. म्हणून बीड मोडले की आतून करडे दिसते आणि बोट फिरवले तर काळे होते.

हे पापुद्रे गुणाचे आहेत. ते यंत्राची थरथर जिरवतात आणि घासणाऱ्या भागाला थोडे वंगण देतात. पण तेच पापुद्रे म्हणजे आतल्या आत असलेल्या असंख्य बारीक भेगाही आहेत. त्यामुळे बिडावर कितीही वजन ठेवा, ते सहन करते. पण ताण दिला किंवा फटका मारला की वाकत नाही, सरळ तुटते. सळई वाकून आधी इशारा देते. बीड इशारा देत नाही.

नांगर, चरक आणि इंजिन

आपल्या भागात बीड शेतावर आले ते मुख्यतः तीन वाटांनी : नांगर, चरक आणि इंजिन. कडब्याचे यंत्र त्यांच्यासोबत आले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. नंतर बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड आटले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२२ मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. तिथेही आधी नांगर आणि पुढे १९३० च्या दशकात डिझेल इंजिने झाली.

आपली काळी जमीन भारी. हराळी आणि कुंदा एकदा शिरला की लाकडी नांगराला दाद देत नाही. खोल जाणाऱ्या लोखंडी नांगराची किंमत शेतकऱ्याला पटली ती इथे. चार-चार, सहा-सहा बैल जुंपून तो ओढला जाई.

उसाच्या चरकाची गोष्ट याहून जुनी. बिहारमधल्या बिहिया इथल्या थॉमसन आणि मिल्न यांनी १८७० च्या दशकात लोखंडी लाटांचा, बैलांनी फिरवायचा चरक तयार केला. त्याच्या धर्तीवरचे चरक देशभर पसरले आणि लाकडी घाणे मागे पडले. विहिरीच्या पाण्यावर ज्यांनी ऊस केला, त्यांच्या गुऱ्हाळावर असा चरक असे.

इंजिन सर्वांत शेवटी आले. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे संथ इंजिन आणि त्याच धर्तीवर राजकोटकडे बनलेली इंजिने आपल्याकडच्या विहिरींवर दिसत. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली. मोट सुटली आणि ‘टुक टुक टुक’ असा आवाज शिवारात आला, तो आपल्यापैकी अनेकांनी कानांनी ऐकला आहे.

मराठवाड्याला एक जादा अडचण होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. पलीकडच्या मुलखातून येणाऱ्या मालावर करोडगिरी द्यावी लागे. किर्लोस्करवाडीचा किंवा साताऱ्याचा माल म्हणजे आपल्यासाठी एका अर्थाने परदेशीच. सुटा भाग मागवायचा तर पत्र लिहा, वाट पाहा, पार्सल परभणी स्टेशनवर उतरले की बैलगाडी पाठवा. तोवर हंगाम निघून जाई. म्हणजे यंत्र घेणे हा पैशाचा प्रश्न होता; पण ते चालते ठेवणे हा गावातल्या माणसांच्या डोक्याचा आणि हाताचा प्रश्न होता.

लोहाराच्या भट्टीपुढचा पेच

गावात लोहार होता, सुतार होता. अधूनमधून पाल ठोकून राहणारे घिसाडी होते. लोखंड लाल करायचे, ऐरणीवर ठेवायचे आणि घणाखाली हवे तसे वळवायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. वखराची फास, कुऱ्हाड, विळा, गाडीची धाव, सगळे तिच्यातून होई.

बिडाला ही विद्या लागू पडत नाही. लाल केलेले बीड ऐरणीवर ठेवून घण मारला तर त्याचे तुकडे होतात. दोन तुकडे तापवून, ठोकून एकजीव करणे, जे लोहार मऊ लोखंडात सहज करी, ते बिडात होतच नाही. ओताऱ्याला ओतण्याची कला येई, पण ती पितळेची. पितळ नऊशे-साडेनऊशे अंशांत वितळते. बिडाचे मोठे चाक ओतायला लागणारी उष्णता आणि धातू गावच्या भात्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

म्हणजे परक्या कारखान्यात जन्मलेली ही वस्तू गावात मोडली की गावच्या कोणत्याच जुन्या विद्येत तिचे औषध नव्हते. ते नव्याने शोधावे लागले. हा शोध कोणा एकाचा नाही. जगभर जिथे जिथे बीड पोचले, तिथे तिथे तो लागला. पण आपल्या लोहारांना त्याची पुस्तके कोणी वाचून दाखवली नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे.

याचा एक सामाजिक परिणामही झाला. फास पाजवणे, धाव चढवणे ही कामे बलुत्यात बसत. त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. इंजिनाचा कान जोडणे बलुत्याच्या कोणत्याही करारात नव्हते. ते रोखीचे काम झाले. गावाच्या वळचणीला असलेली लोहाराची भट्टी रस्त्याच्या कडेला, बसथांब्याजवळ आली आणि लोहाराचा ‘मिस्त्री’ झाला.

विस्तवाशिवायची दुरुस्ती

पहिला उपाय साधा. मोडलेले दोन्ही तुकडे जुळवायचे आणि बाहेरून मऊ लोखंडाची पट्टी लावून बोल्टने आवळायचे. ऐकायला सोपे, पण बिडाला भोक पाडताना घाई केली की नवी भेग पडते. आणि पट्टी बिडाच्या अंगाशी तंतोतंत बसलेली नसली तर बोल्ट आवळतानाच तुकडा तुटतो. जुना कारागीर पट्टी तापवून, ठोकून, त्या जागेच्या उंचसखलपणाप्रमाणे वळवून मगच लावी.

भेग नुसतीच असेल, तुकडा निघाला नसेल, तर भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ठेवत. भेगेचे टोक धारदार असते आणि ताण तिथेच गोळा होतो. तिथे गोल भोक पडले की भेग पुढे पळत नाही.

दुसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण तो आपल्या लोहाराच्या स्वतःच्या घरातला आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव कशी चढवतात ते आपण शाळेत जाता-येता पाहिले आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. आकसली की आरे, पाटे, तुंबा सगळे करकचून आवळले जाते. चाकाचा किंवा गिअरचा बिडाचा तुंबा तडकला की लोहार हेच करी. मऊ लोखंडाचे कडे तापवून तुंब्यावर चढवायचे. फक्त इथे पाणी ओतायचे नाही, आपोआप गार होऊ द्यायचे. बिडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आणि कडे नेमका दाब देते. लोहाराने धातूशास्त्र शिकले नव्हते, पण बिडाला काय आवडते ते त्याने ओळखले होते.

तिसरा उपाय गिअरच्या दातांचा. माझ्या वडिलांकडून ऐकलेली हकिगत सांगतो. गुऱ्हाळ ऐन रंगात, ऊस तोडून ठेवलेला, आणि चरकाच्या चाकाचे लागोपाठचे दोन दात उडाले. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते आणि गूळ धरत नाही. नवे चाक यायला महिना. त्या रात्री लोहार आणि सुतार दोघे कंदील घेऊन बसले. दात जिथून तुटला होता ती जागा छिन्नीने सपाट केली, तिथे एका ओळीत तीन-तीन भोके पाडून आटे पाडले, त्यांत पोलादी खुंट्या आवळून बसवल्या आणि सकाळपर्यंत कानशीने घासून त्या खुंट्यांना दाताचा आकार दिला. सुताराने शेजारच्या दाताचा लाकडी फर्मा करून दिला होता, तो लावून लावून पाहायचे. दुपारी चरक फिरला. त्या चाकाने पुढेही बरेच हंगाम काढले, कारण बसवलेले दात मूळच्या दातांपेक्षा चिवट होते.

राखेतली रात्र

पुढे कार्बाईडची टाकी घेऊन गॅस वेल्डिंग आले. कार्बाईडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. लग्नाच्या वरातीतल्या बत्त्यांना जो उग्र वास येई तो याचाच. या वायूला प्राणवायूची जोड दिली की ज्योत तीन हजार अंशांवर जाते. बीड वितळवणे आता गावाजवळ शक्य झाले. पण वितळवणे म्हणजे जोडणे नव्हे.

बिडाचे खरे दुखणे गार होताना सुरू होते. वितळलेले बीड झटकन गार झाले तर कार्बनला ग्रॅफाइट होऊन वेगळे पडायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून काचेसारखा कडक पदार्थ तयार होतो. तिथे कानस लागत नाही, ड्रिल घसरते आणि जोडाच्या शेजारी ‘टक्‌’ असा आवाज येऊन नवी भेग पडते. गंमत अशी की हाच दोष नांगराच्या फाळाच्या बाबतीत गुण ठरला. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये फाळाची खालची बाजू मुद्दाम झटकन गार करून कडक करण्याचे पेटंट घेतले. वरची मऊ बाजू झिजते, खालची टिकते, आणि फाळाला आपोआप धार राहते. वस्तू तीच, घाई तीच. एका ठिकाणी ती उपयोगाची, दुसऱ्या ठिकाणी घातक.

नोकरी लागण्याआधी सुटीत मी जिंतूर रस्त्यावरच्या एका उस्तादांच्या हाताखाली काम केले. त्यांची पद्धत अशी होती. मोडलेला भाग आधी गोवऱ्यांत भाजून काढायचा, म्हणजे वर्षानुवर्षे मुरलेले तेल जळून जाते. मग मोडलेल्या कडा घासून इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करायची. भाग पुन्हा कोळशात मंद लाल होईपर्यंत सगळा सारखा तापवायचा. तशा गरम स्थितीतच बिडाची काडी वितळवून खाच भरायची. काडी नसली तर जुन्या पिस्टन रिंगचे तुकडे वापरत, तेही बीडच. आणि काम झाले की लगेच तो भाग राखेच्या ढिगात पुरायचा. “अब इसको सोने दो,” असे उस्ताद म्हणत. सकाळपर्यंत राख उकरायची नाही. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, कितीही घाईत असो, राख उकरायची नाही म्हणजे नाही.

चाकाचा आरा जोडायचा असेल तर आणखी एक खुबी. मोडलेला आराच तेवढा तापवला तर तो फुगतो. गार होताना आकसतो आणि बाकीचे चाक त्याला आकसू देत नाही. मग जोड किंवा शेजारचा आरा तुटतो. म्हणून चाकाचा इतर भागही तापवून भेग किंचित उघडायची आणि मग जोडायचे. सगळे चाक एकदमच फुगते, एकदमच आकसते. एक आरा दुरुस्त करायचा तर सगळ्या चाकाचा विचार करावा लागतो.

जिथे एवढे तापवणे शक्य नसे, तिथे पितळेचा जोड देत. पितळ कमी उष्णतेत वितळते, बीड स्वतः वितळत नाही, त्यामुळे कडक होण्याची भीती कमी. हा जोड मजबूत असतो, फक्त इंजिनाच्या धुराच्या तोंडाशी, जिथे सतत भाजते, तिथे तो टिकत नाही. गावात वीज आल्यावर विजेचे वेल्डिंग आले. निकेलची काडी बिडाला मानवते, पण महाग. तीही वापरायची तर इंचभर जोड द्यायचा, गरम असतानाच छोट्या हातोडीने हलके ठोकायचे, हात ठेवता येईल इतके गार होऊ द्यायचे आणि मगच पुढचा इंच. पैसे वाचवायला काहीजण साधी काडी लावत. तो जोड दिसायला जाड आणि राकट असतो आणि त्याच्या कडेने हमखास दुसरी भेग सापडते.

इंजिनाची दुखणी ऋतूप्रमाणे येत. थंड देशांत हिवाळ्यात इंजिनातले पाणी गोठते आणि फुगून बिडाचे अंग फोडते. आपल्याकडे उलट. उन्हाळ्यात पाणी आटून इंजिन तापलेले असताना घाईने विहिरीचे गार पाणी ओतले की अंग तडकते. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे पाणी खोल गेले. पंप साधारण पंचवीस फुटांपेक्षा खालचे पाणी ओढू शकत नाही, म्हणून इंजिने दोरांनी विहिरीत उतरवून टप्प्यावर बसवावी लागली. उतरवताना दोर सुटला की इंजिनाचे बिडाचे कान तुटत. त्या वर्षांतल्या इंजिनांच्या कानांवर पट्ट्या का दिसतात, याचे कारण हे.

भेग पकडण्याची रीत सांगून हा भाग संपवतो. मडके घेताना आपल्या आया बोटाने वाजवून घेत. बिडाचा भाग टांगून हातोडीने वाजवला तर अखंड भाग खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. नेमकी जागा पाहायची तर रॉकेल लावायचे, पुसून घ्यायचे आणि वर खडू घासायचा. भेगेत शिरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ होऊन उमटते. खडूचा हा उपयोग आपल्या गुरुजनांना ऐकून आनंद होईल.

नवे ओतायचे झाले तर

काही मोड जोडण्यापलीकडची असे. मग तुकडे जुळवून, एसटीच्या टपावर टाकून फाउंड्रीत पाठवायचे. कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या कामातून फाउंड्रीचा धंदा वाढला आणि आजही ते त्याचे मोठे केंद्र आहे. क्युपोला नावाच्या उभ्या भट्टीत कोक, लोखंड आणि चुनखडीचे थर घालून बीड वितळवतात आणि वाळूच्या साच्यात ओततात.

इथेही एक खोच आहे. ओतलेले बीड गार होताना फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसते. जुना तुकडाच साच्यासाठी वापरला तर नवा भाग तेवढा लहान येतो आणि बसत नाही. म्हणून जाणता सुतार लाकडी नमुना तेवढ्या प्रमाणात मोठा करतो आणि जिथे घासून गुळगुळीत करायचे तिथे जादा माल सोडतो. गिअरच्या चाकाला हे जमले नाही तर दाताला दात लागत नाही आणि सारा खर्च वाया जातो.

जोड वाचायचे कसे

एवढे समजले की अंगणातले जुने लोखंड वाचता येते. पट्टी आणि चौकोनी डोक्याचे बोल्ट दिसले तर ती दुरुस्ती बहुधा भात्याच्या काळातली. तुंब्यावर कडे दिसले तर त्या लोहाराला गाडीच्या धावेची विद्या होती. पिवळी रेघ म्हणजे पितळेचा जोड, गॅसच्या दिवसांतला. जाड, खडबडीत थर आणि शेजारी दुसरी भेग म्हणजे वीज आल्यानंतरची, साध्या काडीची दुरुस्ती. बोल्ट सुतात बसतो की मिलिमीटरमध्ये, यावरूनही अंदाज येतो. देशात दशमान मापे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रुजू लागली, पण मिस्त्रींच्या तोंडी ‘चार सुती’ बोल्ट अजून आहे.

एकाच चाकावर हे तीन प्रकार मी पाहिले आहेत. म्हणजे ते चाक तीनदा मोडले आणि तीनदा तीन वेगवेगळ्या हातांनी उभे केले. यंत्रावर कारखान्याचे नाव ठसठशीत ओतलेले आहे. त्या तीन हातांचे नाव कुठेच नाही.

एक विनंती

आज ही यंत्रे वजनावर जातात. बीड म्हणून त्यांना भाव येतो आणि ते पुन्हा कुठल्यातरी भट्टीत वितळते. त्यात गैर काही नाही. सगळ्यांनाच जुने सांभाळायला जागा नसते. पण विकण्याआधी एक काम करा. घासून पाहा, वर ओतलेले नाव, गाव, आकडा काय आहे ते उतरवून घ्या. जोडाचा जवळून फोटो काढा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांना विचारा, हे मोडले कधी, जोडले कोणी, मोबदला धान्यात दिला की पैशांत. ही माहिती पुस्तकात नाही आणि विचारायचे ते लोक आता फार थोडे राहिले आहेत.

कोणाकडे चालू स्थितीतला किंवा थोडा मोडका चरक, नांगर, कडब्याचे यंत्र असेल आणि ते द्यायची तयारी असेल, तर शाळेच्या परवानगीने आवारात एका कोपऱ्यात ठेवता येईल. दुरुस्तीचे काम मी विनामोबदला करीन. रंग मात्र जोडावर द्यायचा नाही, एवढी माझी अट राहील. मुलांना जोड दिसला पाहिजे. विज्ञानाच्या सरांना बिडातला कार्बन दाखवता येईल, इतिहासाच्या सरांना करोडगिरी आणि दुष्काळ. दोन्ही विषय एकाच चाकावर शिकवता येतील अशी संधी रोज मिळत नाही.

 मेळाव्याला भेटूच. येताना घरच्या जुन्या यंत्राचा एखादा फोटो घेऊन या.

आपला,
दहावीच्या तुकडीतला एक वेल्डर